बिडाचे चाक

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात मी लोखंड कातण्याच्या एका जुन्या लेथमशीनची, त्या मशीनसाठी घरी बनविलेल्या हत्यारांची आणि माझे गुरू कैलासवासी दस्तगीरवस्ताद शिकलगार यांच्या उजव्या हाताची हकिकत सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून पुढील विद्या मी लोखंडापाशी शिकलो. म्हणून भाषेत जेथे खरखर राहिली असेल तेथे वाचकांनी आपल्या मनानेच हलका हात मारून घ्यावा. हकिकत मात्र घडली तशीच आहे.

"पोट सुटलंय," वस्ताद म्हणाले.

रविवारची दुपार होती. कोल्हापुरास उद्यमनगराच्या पिछाडीस वस्तादांचे दोन खोल्यांचे घर होते. त्या घराच्या पायरीवर आम्ही दोघे बसलो होतो आणि त्यांच्या हाती माझ्या इंजिनाचा सिलिंडर होता. सिलिंडर म्हणजे मुठीत मावेल एवढे, आतून पोकळ असे बिडाचे नळकांडे. पूर्वी मळ्यातील विहिरीवर जी तेल इंजिने फक्‌फक् आवाज करीत चालत, तसेच एक वीतभर उंचीचे, खरोखर चालणारे इंजिन आपल्या हातांनी करावे, असा छंद मला त्या काळी जडला होता. पोटासाठी मी दुसऱ्या एका कारखान्यात नोकरी करीत असे. छंदासाठी रविवार राखलेला होता.

"कुठं सुटलंय वस्ताद?"

वस्तादांनी तर्जनी नळकांड्यात घातली. त्यांचा उजवा हात मनगटापासून थरथरत असे. त्यामुळे बोट आत जाताना नख कडेवर टकटक वाजले. बोटाचे टोक आतील भिंतीस टेकल्यावर मात्र तो आवाज थांबला. डोळे मिटून त्यांनी बोट सावकाश तळापर्यंत नेले आणि परत आणले.

"तोंडाकडं बरोबर हाय. तळाकडं बरोबर हाय. मधी ढिलं, जेवून उठलेल्या पैलवानागत. तुझं इंजिन एकदा शिंकंल आणि गप बसंल."

"मग काय करू?"

"मला काय इचारतोस? करणार तू, पळवणार तू."

एवढे बोलून त्यांनी सिलिंडर पायरीवर ठेवला आणि उजवा हात मांडीखाली दाबून घेतला. अलीकडे बसताना ते नेहमी तसेच बसत. हात मांडीखाली असला म्हणजे तो कोणास दिसत नसे.

येथे थोडी मागील माहिती देणे आवश्यक आहे. वस्तादांनी तीस वर्षे एकाच वर्कशॉपात, एकाच लेथवर काम केले. त्याच लेथवर त्यांनी मला शिकविले. पुढे त्यांचा हात हालू लागला आणि एके दिवशी एक शाफ्ट बिघडला. मालकाचा मुलगा स्वभावाने गरीब होता. तो एका शब्दाने बोलला नाही. त्याने वस्तादांसाठी खुर्ची मागविली आणि बसल्या बसल्या वायसर निवडण्याचे काम दिले. वस्तादांनी संध्याकाळपर्यंत वायसर निवडले, मापाप्रमाणे डबे भरले, आपल्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, सलाम केला आणि घरी आले. ते पुन्हा तेथे गेले नाहीत. पुढे ते वर्कशॉपही बंद पडले व सर्व मशिने भंगारवाल्याकडे गेली. त्या ढिगातून मी वस्तादांचा लेथ ओळखला आणि माझ्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभा केला.

ही वार्ता मी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "चांगलं केलंस. पण मला दावू नको."

तेव्हापासून त्यांनी लोखंडाला हात लावला नव्हता. त्या रविवारी मी निघालो असता त्यांच्या पत्नी जैबुनचाची मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचवावयास आल्या व हलक्या आवाजात म्हणाल्या, "आनंदा, भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तर शेजाऱ्याला हाक मारत्यात. दिसभर भिताडाकडं बघत बसत्यात. भाकरी निम्मी टाकत्यात. तू कायतरी कर की."

"करतो चाची. एक ना एक दिवस त्यांचा हात त्या मशीनवर ठेवतोच."

"पण दया करतोयास असं दिसू देऊ नको. न्हाईतर तुझ्या घरचं पाणी बी प्यायचं न्हाईत. ती खुर्ची अजून इसरलं न्हाईत."

मी शब्द दिला. तो कसा पाळावा हे मात्र मला ठाऊक नव्हते.

मी गल्ली ओलांडत असता मागून वस्तादांची हाक आली. ते पायरीवरूनच म्हणाले, "टूल मऊ आसंल. बाजारचं वापरू नको, घरी कर."

एवढ्यावर माझा पुढचा आठवडा गेला. मोडलेले एक जाड ड्रिल माझ्यापाशी होते. त्याचे टोक तोडून, साणेवर धरून मी त्यास टूलचा, म्हणजे लोखंड कातणाऱ्या पात्याचा, आकार दिला, भट्टीत चेरीसारखे लाल केले आणि पाणी देण्यासाठी तेलात बुडविले. पाणी देणे म्हणजे तापलेले पोलाद एकदम निववून कठीण करणे. मशीनचे तेल संपले होते, म्हणून स्वयंपाकघरातील शेंगतेलाची किटली आणली. तेलातून मोठा धूर निघाला आणि शेडच्या दारात आमची मंडळी, सौ. हौसाबाई, येऊन उभी राहिली.

"भजी तळताय व्हय?"

"टूलला पाणी देतोय."

"पाणी देताय तर पाणी घ्यायचं हुतं. त्याल कशाला? आता आमटीला फोडणी त्या इंजिनानं देऊ?"

"नवीन आणतो."

"बाकीच्यांची माणसं ऐतवारी मटण आणत्यात. आमची भंगार आणत्यात आणि घरातल्या त्यालात तळत्यात." असे म्हणून तिने किटलीत डोकावून पाहिले. "न्हाई म्हणजे, झालं का तरी कडक?"

कडक झाले होते. काचेवर ओढले तर रेघ उमटत होती. त्या टूलने मी दुसरा सिलिंडर आतून कातला. आतील भाग आरशासारखा निघाला आणि मला फार आनंद झाला. पुढील रविवारी तो घेऊन मी वस्तादांकडे गेलो.

त्यांनी बोट घातले. नख कडेवर वाजले, मग थांबले.

"फिनिश झकास. टूल कशाचं केलंस?"

"ड्रिलचं. शेंगत्यालात पाणी दिलं."

"हौसाबाईनं घरात घेतलं का मग?" असे विचारून ते किंचित हसले, परंतु बोट पुन्हा आत गेले आणि हसू मावळले. "पोट तिथंच हाय की रं."

चाचींनी चहा आणला. वस्तादांनी डाव्या हाताने बशी धरली आणि उजव्याने कप उचलला. कप बशीवर खणखणू लागला व चहा सांडून बशीत आला. मी नजर फिरविली. त्यांनीही मी नजर फिरविल्याचे पाहिले आणि कप तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात गल्लीतील नळास पाणी आले. चाची उठू लागल्या, पण त्यांचे गुडघे दुखत असल्याने वस्तादच उठले. मी पायरीवर बसून पाहत होतो. त्यांनी लोखंडी बादली काठोकाठ भरली आणि उजव्या हाताने उचलून आणली. ती बादली त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवली तेव्हा वाटेत एक थेंबही सांडलेला नव्हता. कपभर चहा ज्या हातास पेलवत नव्हता, त्याच हाताने बादलीभर पाणी न हिंदकळता आणले.

"बार बारीक असणार," ते धापा टाकीत बसता बसता म्हणाले. ज्या दांड्यावर टूल बसवून नळकांड्याच्या आत घालतात त्यास बार म्हणतात. "लांब मान केली की माणूस बी डुलतोय. जाड कर, आखूड धर."

"करतो. वस्ताद, एकदा येऊन बघितलंसा तर..."

"आनंदा."

"जी."

"जाड कर, आखूड धर."

ट्रकच्या मोडक्या एक्सलचा एक तुकडा मी भंगारातून मिळविला व त्याचा जाड बार तयार केला. बारच्या तोंडाशी टूलसाठी चौकोनी भोक पाडणे अवघड असते. ते मी गोल पाडून, लहान कानशीने कोपरे काढून, चौकोनी केले. त्याच आठवड्यात मी आणखी एक वस्तू केली. लाकडाचा एक नमुना कोरला आणि ओळखीच्या फौंड्रीत जाऊन त्यावरून बिडाचे एक चाक ओतून घेतले. ते हाताने फिरविण्याचे होते व त्याची कड चांगली जाडजूड होती.

फौंड्रीवाले मिस्त्री चाक हातात तोलून म्हणाले, "हे कुठल्या मशीनला लावणार?"

"माझ्या लेथला. टूलपोस्टखाली ती वरची छोटी स्लाइड असते, तिच्या हँडलाला."

"त्या चिमण्या हँडलाला? उंदराच्या शेपटाला वरवंटा बांधतोयास लेका."

"असू द्या," मी म्हणालो.

चाक कातून, घासून, गुळगुळीत करून मी त्या छोट्या स्लाइडला, म्हणजे टूल हाताने पुढे मागे सरकविणाऱ्या भागाला, बसविले. स्लाइडची आतील पट्टीही आवळली, म्हणजे चाक जरा जोर लावल्याविना हलणार नाही असे केले. हौसाबाईने विचारले तेव्हा मशीनला शोभा येते म्हणून सांगितले. तिने चाकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले व ती आत गेली.

तिसरा सिलिंडर कठीण टूलने आणि जाड बारने कातला. मायक्रोमीटर आत घालून पाहिले तर पोट जेथल्या तेथे होते. मी हताश झालो. परंतु वस्तादांचे बोट या वेळी आत गेले ते लवकर बाहेर येईना.

"तोंडापास्नं किती बोटांवर सुटतंय?"

"दोन बोटांवर."

"पयल्याला?"

"दोन बोटांवरच."

"दुसऱ्याला बी?"

"व्हय."

"मग ही तुझी चूक न्हवं. टूलची न्हवं, बारची बी न्हवं. माणूस चुकतोय तवा निरनिराळ्या जागी चुकतोय. दर बारीला एकाच जागी चुकतंय ते मशीन." त्यांनी सिलिंडर पायरीवर ठेवला. हात मांडीखाली होता, तरी मांडी हालत होती. मग एकाएकी त्यांनी विचारले, "खंडेनवमी कधी हाय?"

"ह्या शुक्करवारी."

"त्या दिवशी मशीन बंद असतंय न्हवं?"

"असतंय की. पूजा असती."

"मग त्या दिवशी येतो. नुसतं बघाय."

मला अर्थ कळला. खंडेनवमीस आमच्याकडे सर्व हत्यारे व यंत्रे धुऊन पुसून पूजेस मांडतात. दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना कामास लावीत नाहीत, जागचे हलवीतही नाहीत. त्या दिवशी वस्तादांना कोणीही "जरा फिरवून दावा" असे म्हणू शकणार नव्हते. माझा शब्द मात्र तसाच राहणार होता. तरीही ते येणार हे ऐकून चाचींनी दारामागून मला हाताने खूण केली की, आता गप्प बस आणि जा.

शुक्रवारी सकाळी शेड झाडून घेतली. लेथला घासूनपुसून झेंडूचे हार घातले. नव्या चाकासही एक लहान हार घातला. कानशी, हातोडे, घरी केलेली टूले आणि जाड बार पाटावर मांडून त्यांस हळदकुंकू वाहिले. हौसाबाई नारळ घेऊन उभी होती, इतक्यात वस्ताद आले. पांढरा स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी आणि हातात फुलांचा पुडा. सणाला मशीनपुढे रिकाम्या हाताने जायचे नाही हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकविले होते.

ते दारात थांबले. आपला लेथ त्यांनी खूप दिवसांनी पाहिला होता. मी काही बोलणार होतो, पण हौसाबाईने माझा सदरा मागून ओढला. वस्ताद आत आले, त्यांनी फुले चकावर, म्हणजे काम धरून फिरणाऱ्या पकडीवर, वाहिली आणि मशीनच्या पलंगावर, म्हणजे ज्या दोन लांब पट्ट्यांवरून टूल धरणारी गाडी पुढे मागे सरकते त्या पट्ट्यांवर, बोट ठेवले. चकाच्या बाजूने ते बोट सावकाश सरकवू लागले. वीतभर अंतरावर बोट थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"सुरू करूया का?" हौसाबाई म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, तुम्ही नारळ मशीनच्या ह्याच जागेवर फोडत हुता. आमी बी हितंच फोडतो."

"थांब पोरी. हितं फोडू नको."

"का वो? तुमचीच रीत हाय न्हवं?"

"म्हणून तर म्हणतोय." मग माझ्याकडे वळून, "आनंदा, सरळ पट्टी आण. स्टीलची."

मी पट्टी आणली. वस्तादांनी ती मला पलंगावर उभी धरावयास सांगितले. ते स्वतः वाकले, मलाही वाकविले. समोरच्या खिडकीचा उजेड पट्टीखालून आला. बारीक फटीसारखा तो एका टोकाला सुरू होऊन मध्ये रुंद झाला होता आणि पुन्हा मिटला होता.

"दिसलं पोट?"

"दिसलं. ही झीज कशानं?"

वस्ताद पाटावर बसले. "कशानं म्हणजे? माझ्या भक्तीनं. दर खंडेनवमीला हितंच नारळ फोडायचा, ह्याच पट्टीच्या कडंला. पाणी हितंच सांडायचं. पूजा हलवायची न्हाई, म्हणून रातभर तसंच. दसऱ्याला बघावं तर तांबेरा चढलेला. मग एमरी कागद घेऊन घस घस घासायचं. दर साली. लख्ख केलं की वाटायचं, काय सेवा केली मशीनची." त्यांचा आवाज बदलला. मला वाटले ते रडतात की काय. पाहतो तो ते हसत होते. "नारळानं खाल्लं न्हाई, देवानं बी खाल्लं न्हाई. तीस वर्सं मीच खात बसलोय. गाडीचा पाय त्या खळग्यात उतरतोय आणि तुझ्या सिलिंडराला पोट सुटतंय."

"म्हणजे वस्ताद, एवढे दिवस ह्यांच्या टूलला नावं ठेवलीसा," हौसाबाई म्हणाली, "आणि खरं पोट तुमच्याच नारळाचं?"

"माझंच."

"आणि आमचं शेंगत्याल गेलं ते?"

"ते बी माझ्याच नावावर लिव्ह."

तेव्हा आम्ही तिघेही हसलो. वस्तादांना एवढे मोकळे हसताना मी त्या वर्षात प्रथमच पाहत होतो. नारळ त्या दिवशी दारातील दगडावर फुटला.

प्रसाद खाता खाता मी विचारले, "आता काय करायचं? पलंग नवा करायला लागणार?"

"कशाला? गाडी खळग्याच्या अलीकडंच आवळून टाक. हलायचंच न्हाई तिनं. सगळं काम वरच्या छोट्या स्लाइडनं करायचं. तुझा सिलिंडर केवढा, चार बोटांचा. स्लाइड तेवढी जाती."

"ती हातानं चालवायची असते वस्ताद. त्याला हात एकसारखा फिरायला पाहिजे. माझा मधी थांबतो. थांबला की आत वळ्या पडतात. तुम्हीच म्हणायचा, आनंदाचा हात बैलासारखा, ओढतो पण थांबत थांबत."

खाली पाहिले तर वस्तादांचा उजवा हात मांडीखाली नव्हता. तो गुडघ्यावर उघडा होता व थरथरत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग मशीनकडे पाहिले. ते उठून छोट्या स्लाइडपाशी गेले. झेंडूचा लहान हार त्यांनी दोन बोटांनी बाजूला केला.

"हे जुनं हँडल न्हवं."

"नवीन ओतून घेतलंय."

त्यांनी हात चाकावर ठेवला. चाक जरासे फिरले.

"वस्ताद," हौसाबाई म्हणाली, "आज हलवायचं न्हाई. पूजेला बसलंय."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ज्या माणसाने मला खंडेनवमी शिकविली तोच ती विसरला होता. ते ओशाळले, टोपी सारखी केली आणि दाराकडे गेले. मला वाटले, सर्व संपले. आता ते पुन्हा येणार नाहीत. हौसाबाईने नको तेव्हा तोंड उघडले म्हणून तिचा मला रागही आला. उंबऱ्यावर ते थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "मग उद्या. पूजा उतरल्यावर."

दसऱ्याच्या दिवशी हार उतरवून मी मशीन पुसतो न पुसतो तोच ते आले. घरून जेवून आले होते. अंगात कामाचा जुना निळा शर्ट होता आणि त्याच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या होत्या. माझ्या हातात आपट्याचे पान ठेवून ते म्हणाले, "सोनं घे, आणि गाडी आवळ."

गाडी आवळली. नवीन सिलिंडर चकात धरला. स्लाइड अगदी सरळ रेषेत लावण्यात बराच वेळ गेला. ते नजरेने पाहत आणि सांगत, "डावीकडं. एवढं न्हवं, मुंगी सरकल एवढं," आणि मी लाकडी हातोड्याने हलकेच ठोकीत असे. मग मी बटण दाबले. चक फिरू लागले.

वस्तादांनी हात पुढे केला. तो हवेत नेहमीसारखा थरथरत होता, किंबहुना अधिकच. बोटे चाकाच्या कडेवर आदळली आणि त्यांनी कड घट्ट धरली. चाक जड होते. थरथर हातातून चाकापर्यंत आली आणि तेथेच जिरली. वस्तादांनी जोर लावला. चाक सावकाश, न थांबता, एकसारखे फिरू लागले. नळकांड्याच्या आतून बिडाची काळी भुकटी बारीक धारेने बाहेर पडू लागली. आवाज आधी जरा खरखरला, मग कापड फाडल्यासारखा सरळ झाला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. मशीनकडेच पाहत राहिलो.

टूल बाहेर आले. मी मशीन बंद केले. वस्तादांनी मायक्रोमीटर मागितला नाही. बोट आत घातले. नख कडेवर वाजले, आणि मग बोट तळापर्यंत जाऊन परत आले.

"पोट गेलं," ते म्हणाले.

मी मायक्रोमीटरने मोजून पाहिले. खरोखरच गेले होते.

कपाळावरचा घाम पुसून ते स्टुलावर बसले आणि चाकाकडे पाहू लागले. "किती किलोचं हाय हे?"

"अडीच."

"एवढ्याशा स्लाइडला अडीच किलो. कशापायी?"

"मशीनसाठी, वस्ताद. जरा भारदस्त वाटतं."

"मशीनचा हात हालतोय व्हय रं?"

मला ती खुर्ची आठवली, वायसरचे डबे आठवले आणि चाचींचे शब्द आठवले. दारात हौसाबाई चहाचा पेला घेऊन उभी होती.

"त्या दिवशी बादली बघत बसला हुतास," वस्ताद म्हणाले. "मला वाटलं, मदतीला का उठंना. आता कळलं." ते स्लाइडजवळ वाकले. मला वाटले, ते नट सोडून चाक काढून देणार. त्यांनी ते चिंधीने पुसले. कडेवर राहिलेले कुंकू आणि भुकटी पुसून टाकली. "वायसर निवडाय बसवणं येगळं आणि हे येगळं. त्यानं मला काम सोडवलं. तू..." त्यांनी चाकाची कड हाताने चाचपली. "काढू नको हे. कुणी कायबी म्हणू दे. ऱ्हाऊ दे तिथंच. लागंल."

"तुम्ही येणार म्हटल्यावर काढतोय कशाला?"

"माझं म्हणत न्हाई मी." एवढेच बोलून त्यांनी हौसाबाईकडे हात केला. "आण पोरी. पेला कशाचा हाय?"

"पितळेचा. आमच्या सासूबाईंचा. जड हाय जरा."

"आण," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. "तुझी बायको बी फौंड्रीत शिकली काय रं?"

इंजिन दिवाळीच्या पाडव्यास चालू झाले. पहिल्यांदा शिंकले, दुसऱ्यांदा शिंकले आणि मग फक्‌फक् करीत शेडच्या जमिनीवर चालत सुटले, कारण त्यास खाली आवळण्याचे आम्ही दोघेही विसरलो होतो. चाची ते पाहण्यास आल्या होत्या. परत जाताना त्यांनी हौसाबाईच्या हातात शेंगतेलाची बाटली ठेवली व म्हणाल्या, "ह्यांनी पाठवली. त्यांच्या नावावर लिव्हलं हुतंस म्हणं."

त्यानंतर वस्ताद दर रविवारी येत राहिले. पलंगावरचा खळगा आम्ही भरला नाही. त्याच्या अलीकडे गाडी आवळून काम करण्याची सवय झाली. त्या चाकावर त्यांनी पुढे किती तरी छोट्या वस्तू केल्या. पुढे त्यांचे डोळे गेले, तेव्हा ते शेडमध्ये नुसते बसत आणि मी कातलेल्या वस्तू बोटाने पाहून नावे ठेवीत. एके वर्षी खंडेनवमीच्या आधीच ते निवर्तले. त्या वर्षी नारळ दगडावर फोडताना हौसाबाईने दोन फोडले; का ते मी विचारले नाही.

या गोष्टीस वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मशीन पाहण्यास येणारे लोक अजूनही त्या छोट्या स्लाइडवरच्या मोठ्या चाकाकडे बोट दाखवून हसतात, आणि मी त्यांना शोभेसाठी आहे म्हणून सांगतो. वस्तादांनी सांगितल्याप्रमाणे मी ते काढले नाही. "लागंल" असे ते का म्हणाले, याचा मी फारसा विचार केला नव्हता. मागील वर्षापासून माझा उजवा हात मनगटापासून हालू लागला आहे. चहा मी सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, त्याच पितळी पेल्यातून घेतो. रविवारी मशीनवर उभा राहतो, चाकाची कड धरतो, आणि थरथर तेथेच जिरते.

हे लिहिण्यास बसलो तेव्हा अक्षर ओळीवर राहीना. म्हणून त्याच लेथवर, त्याच चाकाने, पितळेची एक जाड नळी कातून मी पेनावर बसविली. पेन आता चांगले जड झाले आहे. वरील सर्व मजकूर त्याच पेनाने लिहिला असून वाचकांना माझे अक्षर लागले असेल तर त्याचे श्रेय वस्तादांकडे जाते.

आपण आपला वेळ खर्चून एका कामगाराचे हे लिखाण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो व येथे थांबतो.

आपला नम्र,
आनंदा रावबा पोवार,
टर्नर, कोल्हापूर